अक्षर फुटू नये म्हणून

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आधीच सांगितलेलं बरं. लातूरच्या एका महाविद्यालयात मी एकोणतीस वर्षं ग्रंथपाल आहे. पोरांना ‘हळू बोला’ म्हणता म्हणता माझाच आवाज मोठा झाला. त्या मंगळवारी सकाळी मी नांदेडच्या एसटीत चढले ती सरळ भांडायला. ज्याच्याशी भांडायचं त्याचं नाव गुलाम रसूल, धंदा अक्षरजुळणीचा, दुकान इतवाऱ्यात. एवढीच माहिती माझ्याकडे होती आणि भांडायला तेवढी पुष्कळ झाली.

भांडण माझं नव्हतं, उज्वलाचं होतं. पण ती भांडणाऱ्यातली नाही.

उज्वला आमच्याकडे भूगोल शिकवते. मूळची कंधार तालुक्यातली, घरची शेती. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी तिनं मन्याडच्या खोऱ्यातल्या बासष्ट विहिरींची पाण्याची पातळी मोजली होती. दोरीला दगड बांधून, फीत लावून, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, अशी दोन वर्षं. लोक हसायचे, पोरगी विहिरीत काय शोधून राहिली म्हणायचे. त्यातून एक लेख झाला, चौदा पानांचा. पुढे ज्यानं ज्यानं आपल्या भागातल्या पाण्यावर काही लिहिलं, त्यानं तिच्या तक्त्याचा दाखला दिला. दुसऱ्यानं त्याच्या लेखात आपला असा दाखला दिला की त्याला सायटेशन म्हणतात. प्राध्यापकाच्या बढतीत हल्ली हे मोजतात. उज्वलाकडे अशी चौदा सायटेशन होती. प्रत्येकाची झेरॉक्स तिनं फायलीत लावून ठेवली होती आणि अर्जात आकडा लिहिला होता: चौदा.

छाननी समितीनं संशोधनलेख शोधायच्या यंत्रात तिचं नाव टाकलं. यंत्रानं दाखवली तीन.

मग पत्र आलं. ‘अर्जातील चौदा सायटेशनपैकी अकरा आढळत नाहीत. पंधरा दिवसांत खुलासा करावा. अन्यथा खोटी माहिती दिल्याची नोंद सेवापुस्तकात घेण्यात येईल.’ उज्वलानं त्या अकरा लेखांचे इंटरनेटवरचे पत्ते पाठवले, शोधपत्रिकेच्या संकेतस्थळावर ते सगळे होते. उत्तर आलं की संकेतस्थळावर कोणीही काहीही कालसुद्धा चढवू शकतो, छापील अंकही मागची तारीख घालून काढता येतो, खरे असते तर यंत्राला दिसले असते. वर फोनवर कोणीतरी असंही विचारलं की हे अकरा जण तुमच्या ओळखीचेच का हो.

प्राचार्यांनी तिला बोलावून घेतलं. माणूस वाईट नाही, पण कटकटीला फार भितो. म्हणाले, “तीनच होते, नजरचुकीनं चौदा लिहिले, क्षमस्व, असं लिहून द्या आणि मिटवा.” उज्वलानं तसं पत्र टाइपसुद्धा केलं. सही तेवढी राहिली होती. ते घेऊन ती ग्रंथालयात आली आणि म्हणाली, “ताई, मलाच आता खात्री वाटंना. मी खरंच मोजायला चुकले असंन का?”

बासष्ट विहिरी बोटभराच्या फरकानं मोजणारी बाई चौदा लेख मोजायला चुकली म्हणे. मला इतका संताप आला की ते पत्र मी तिच्या हातातून घेऊन माझ्या टेबलाच्या खणात कुलपात टाकलं. म्हटलं, “दहा दिवस आहेत अजून. तोवर कशावर सही केलीस तर माझ्याशी गाठ आहे.”

पहिले चार दिवस माझं आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी चाललं होतं. मी शोधपत्रिकेच्या संपादकांना बोलले, त्यांच्या संकेतस्थळ सांभाळणाऱ्याला बोलले, आमच्या संगणकवाल्यालाही सोडलं नाही. सगळे म्हणत, आमच्याकडून सगळं ठीक आहे. पाचव्या दिवशी त्या अकरापैकी एका लेखातलं एक वाक्य मला उतरवून घ्यायचं होतं. पानावर माउस ओढला. मजकूर निळा होईना. पुन्हा ओढला, तरी होईना. मग शोधायच्या चौकटीत ‘कंधार’ टाकलं. पानावर ‘कंधार’ सात ठिकाणी मला डोळ्यांनी दिसत होतं आणि संगणक म्हणत होता, असा शब्द नाही.

अकराही लेख उघडून पाहिले. अकराही तसेच, दिसायला मोत्यासारखे आणि आतून मुके. जे तीन यंत्रात दिसत होते ते पुण्या-हैदराबादला छापलेले, ते नीट निळे होत होते. हे अकरा एकाच शोधपत्रिकेच्या चार अंकांतले होते, आणि चारही अंकांच्या शेवटच्या पानावर, अगदी तळाला, बारीक अक्षरात एकच ओळ होती: अक्षरजुळणी, गुलाम रसूल, नांदेड.

तर असा हा माणूस. मी दुकानात शिरले तेव्हा साठीकडे झुकलेले एक गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून पडद्याला नाक लावून बसले होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. समोर कुणाचा तरी प्रबंध. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि बसायच्या आधीच तोंडाचा पट्टा सुरू केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मॅडम, लई तापून आलात. आधी पाणी घ्या. मग माझी चूक दाखवा. चूक असंल तर मी पळून जाणारा माणूस न्हाई.”

पाणी प्याले. लेख उघडून दाखवला. त्यांनी मान डोलावली. “हाव, ही माझीच फाईल हाय. कर्व्ह केलेली.”

हा ‘कर्व्ह’ काय प्रकार आहे ते त्यांनी मला समजावलं. जुळणी पूर्ण झाली की प्रत्येक अक्षराचं बारीक चित्र करून टाकायचं. मग ती फाईल कुठल्याही छापखान्यात न्या, तिथं तो फाँट असो-नसो, अक्षर जसंच्या तसं छापलं जाणार. छपाईच्या धंद्यात ही चांगली सवय धरतात. गुलाम रसूल मात्र एकही काम न वगळता हे करत. इंटरनेटवर चढवायची फाईल मागितली तरी तीच कर्व्ह केलेली देत.

“पण का?” मी विचारलं. “छापून झाल्यावर इंटरनेटसाठी कशाला चित्र करायचं?”

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग जे सांगितलं त्यानं माझा निम्मा राग उतरला, आणि मला ते आवडलं नाही, कारण मी भाडं खर्चून आले होते.

गुलाम रसूल यांचे वडील उर्दू खुशखत, म्हणजे सुलेखन, करायचे. लग्नाच्या पत्रिका, मशिदीच्या पाट्या, हैदराबादच्या साप्ताहिकाचे मथळे. त्यांच्या हाताखाली पोराला अक्षराची शिस्त लागली. एक नुक्ता, म्हणजे अक्षराचा ठिपका, इकडचा तिकडे गेला तर वडील अख्खा कागद फाडायचे. सोळाव्या वर्षी गुलाम रसूल एका मराठी छापखान्यात खिळे जुळवायला लागले. शाळा उर्दूतून झालेली, मराठी वाचता येत होतं तेवढंच. पण छपाईच्या शिशाच्या खिळ्यांवर अक्षरं उलटी असतात. उलटं वाचत वाचत मराठी इतकं पक्कं झालं की पुढे प्राध्यापकांच्या चुका ते काढू लागले. संगणक आला तेव्हा छापखान्यातले बाकीचे घरी बसले, हे शिकले.

दोन हजार सहा साली देगलूरकडच्या आप्पासाहेब नावाच्या मुलाचा प्रबंध त्यांच्याकडे होता. शेवटची तारीख डोक्यावर आलेली. फाईल दिली, मुलानं ती परगावच्या छापखान्यात नेली. तिथं तो फाँट नव्हता. सगळी जोडाक्षरं फुटली. ज्ञ-क्षच्या जागी चौकटी, र्‍हस्व-दीर्घाच्या जागी भलतीच चिन्हं. मुलानं घाईत न बघता बांधणी केली, वर सोनेरी अक्षरं ठोकली, पाच प्रती दिल्या. परीक्षकानं प्रबंध परत पाठवला. मुलाचं वर्ष गेलं.

“तो भांडला असता तर बरं झालं असतं मॅडम,” गुलाम रसूल म्हणाले. “तुमच्यासारखा. पण तो आला, ह्या स्टुलावर बसला, अर्धा तास गुमान बसला, अन् उठून गेला. त्या दिवशी मी कसम घेतली. माझ्या हातून गेलेलं अक्षर परत कुठंच फुटणार न्हाई. छापखान्यात न्हाई, नेटवर न्हाई, कुठंच न्हाई.”

त्यांनी कसम पाळली. एकोणीस वर्षं एकही अक्षर फुटलं नाही. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, ते असं. शोधयंत्र लेखाच्या शेवटी दिलेली संदर्भांची यादी वाचतं आणि कुणी कुणाचा दाखला दिला ते त्यावरून जुळवतं. यादीच चित्र असेल तर त्याच्या लेखी ते कोरं पान.

हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावरचा चष्मा काढून हातात घेतला. “म्हंजे मी आंधळ्याला इतके दिवस चित्रं दाखवून राहिलो होतो,” ते म्हणाले. आणि मग हळूच, “अन् त्या बाईला लोक खोटारडी म्हणून राहिले. माझ्यापायी.”

आता खरा प्रश्न मी विचारला. चित्र करायच्या आधीच्या फायली आहेत का? कारण त्या असतील तर त्यांच्यावर तारखा असणार, आणि लेख काल चढवला नाही, दहा वर्षांपूर्वीच जुळवलाय, हे सिद्ध होणार. नसतील तर आम्ही पुन्हा होतो तिथंच.

“हायेत की! लेखक लोक दुरुस्त्या घेऊन येतात, म्हणून मी कच्ची फाईल कधीच पुसत न्हाई. सीडीवर घेऊन ठेवतो.” त्यांनी जिन्याकडे तोंड करून हाक मारली. “वहिदा! अगं ती सीड्यांची पेटी दे खाली.”

घर दुकानाच्या वरच होतं. वहिदाभाभी खाली आल्या त्या रिकाम्या हातानं. पदराशी चाळा करत म्हणाल्या, “पेटी हाय. पण त्यातल्या थोड्या मी गच्चीवर लावल्या.”

“गच्चीवर?”

“गहू वाळत घातले होते. कबुतरं लई त्रास देत होती. चमकतं ना ते, भितात. मला वाटलं, जुन्या झाल्या, काय कामाच्या.”

आम्ही तिघंही गच्चीवर धावलो. तारेला दोऱ्यांनी बांधलेल्या पंधरा-वीस सीड्या नांदेडच्या उन्हात गरागरा फिरत होत्या. प्रत्येकीवर गुलाम रसूल यांच्या हातचं सुरेख उर्दू अक्षर, निम्मं उडालेलं. ते एकेक दोरी सोडत, सीडी तिरकी धरत आणि वाचत. दर खेपेला ‘ही न्हाई’ म्हणत. आपल्या चार अंकांच्या सीड्यांपैकी एकच तिथं सापडली. तिचा वरचा थर पापुद्र्यासारखा सुटून आला. बाकीच्या तीन खाली पेटीत, एका रजईच्या घडीत, सुखरूप निघाल्या. तीन म्हणजे अकरापैकी दहा लेख. माझा जीव भांड्यात पडला. भाभींचाही पडला असावा, कारण त्यांनी लगेच जेवून जायचा आग्रह धरला आणि मी भांडायला आलेली बाई डाळ-भात, अंबाडीची भाजी जेवून बसले.

पुढचं काम सोपं नव्हतं. जुन्या फाँटातला मजकूर आजच्या, सगळ्या संगणकांना वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये फिरवावा लागतो, आणि फिरवताना जोडाक्षरांची दाणादाण उडते. फिरवायचं काम त्यांच्या मुलीनं, सुमय्यानं केलं. ती संगणकाचे वर्ग घेते. तिनं वडिलांना आधीच दोनदा सांगितलं होतं म्हणे की नेटवर कर्व्ह करून देऊ नका. पण घरच्या डॉक्टरचं औषध कोण घेतं! उडालेली अक्षरं गुलाम रसूल यांनी तीन दिवस बसून एकेक हातानं दुरुस्त केली. समोरचा प्रबंध बाजूला ठेवला, त्याच्या मालकाला सरळ सांगितलं, माझ्याकडून एक बिघाड झालाय, तो आधी निस्तरतो. भाभी घाबरल्या होत्या. म्हणत होत्या, लोकांना कळलं की तुमच्या फायली यंत्राला दिसत नाहीत तर दुकानात कोण येईल?

“न कळता येत होते ते चांगलं होतं का?” त्यांनी विचारलं. भाभींनी फोनवर मला हे सांगितलं तेव्हा त्या निम्म्या रागावलेल्या आणि निम्म्या खूश होत्या.

पंधराव्या दिवशी सकाळी अकराला समिती बसली. बाहेरून आलेले तिघं. अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक, आवाजात जरब. उज्वला पांढरीफटक. मी तिच्या शेजारी, आणि माझ्या शेजारी पहाटेची बस पकडून आलेले गुलाम रसूल, मांडीवर लॅपटॉपची पिशवी.

“हे कोण?” अध्यक्षांनी विचारलं.

“साहेब, ते अकरा लेख यंत्राला दिसत न्हाईत, त्याचं कारण मी हाय,” गुलाम रसूल म्हणाले आणि उभे राहिले.

त्यांनी संकेतस्थळावरची कर्व्ह केलेली फाईल उघडली आणि अध्यक्षांनाच म्हणाले, यात कंधार शोधून दाखवा. अध्यक्षांनी शोधलं. नाही. मग सीडीवरून काढलेली, दोन हजार चौदाची तारीख असलेली कच्ची फाईल दाखवली, आणि शेवटी नवी दुरुस्त केलेली. म्हणाले, आता शोधा. सात वेळा सापडलं. शेवटच्या पानावर संदर्भांच्या यादीत उज्वलाचं नाव, तिच्या लेखाचं नाव, सगळं निळं झालं. मग त्यांनी खिशातून एक कागद काढून टेबलावर ठेवला. दुकानाच्या नावाचा कागद, त्यावर सही: सदर चूक माझी आहे, बाईंची नाही.

एक सदस्य म्हणाले, “तुम्ही आला नसता तर हे कुणाला कळलंही नसतं.”

“मला कळलं होतं ना साहेब,” ते म्हणाले.

अध्यक्षांनी फाईल वर सरकवून पहिल्या पानावरचं शोधपत्रिकेचं नाव वाचलं. मग त्यांनी विचारलं, “या शोधपत्रिकेचे सगळेच अंक तुम्ही जुळवलेत?” गुलाम रसूल म्हणाले, “दोन हजार आठपासून सगळे.” अध्यक्षांनी आपल्याच मोबाईलवर काहीतरी शोधलं, चष्मा वर-खाली केला, पुन्हा शोधलं. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाले, “माझेही दोन आहेत त्यात. दिसत नाहीत. मला वाटत होतं, ते कुणी वाचलेच नाहीत.”

मी हसू दाबायचा फार प्रयत्न केला. उज्वलाला जमलं नाही. पंधरा दिवसांत ती पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. अध्यक्षांनी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला आणि म्हणाले, “बाई, खुलासा मान्य आहे. आमच्याकडून जरा जास्तच बोललं गेलं.” सेवापुस्तकात काहीही लागलं नाही. खणातलं ते पत्र मी त्याच दुपारी फाडलं. सही न होता संपलेलं तेवढं एकच पत्र माझ्या नोकरीत आहे.

गुलाम रसूल यांना मी बसस्थानकापर्यंत सोडायला गेले. त्यांना हुश्श झालेलं दिसत नव्हतं. म्हणाले, “मॅडम, दहा निघाले. पण एकोणीस वर्षांत किती जणांचं असं झालं असंल?” मग स्वतःच म्हणाले, “चला, करू एकेक.” त्या उन्हात खराब झालेल्या सीडीवरचा अंक ते आमच्या ग्रंथालयातली छापील प्रत समोर ठेवून पुन्हा टाइप करत आहेत. दुकानात बाकीचं काम चालूच आहे, लोक येणं थांबलेलं नाही. उलट अध्यक्षांनी दोन गिऱ्हाइकं पाठवली.

नव्या फायली संकेतस्थळावर चढल्यावर यंत्राला त्या वाचायला दीड महिना लागला. उज्वला रोज ग्रंथालयात येऊन बघायची. तीन, तीन, तीन. मी म्हणायचे, कणीक भिजायला तरी वेळ दे. मग एका सोमवारी एकदम तेरा. एवढ्या मोठ्या बाईनं माझ्या ग्रंथालयात टाळी वाजवली आणि मी तिला गप्प बसवलं नाही.

पण खरी गंमत गेल्या महिन्यात झाली. आकडा चौदा झाला होता. आम्हाला वाटलं, गुलाम रसूल यांचा टाइप करायचा अंक चढला. उघडून पाहिलं तर लेख भलताच, रायचूरकडच्या कुणा शिवम नावाच्या मुलाचा. इंग्रजीत लिहिलेला. त्याला आमच्या त्या दहापैकी एक लेख यंत्रात सापडला होता, त्या लेखाच्या यादीतून तो उज्वलाच्या विहिरींपर्यंत पोचला होता, आणि तिच्यासारखीच दोरी-फीत घेऊन त्यानं कृष्णेकाठच्या चाळीस विहिरी मोजल्या होत्या. तक्ता तसाच, रकाने तसेच.

“कोण गं हा?” मी विचारलं.

“माहीत न्हाई ताई,” उज्वला म्हणाली. ती पडद्यावरच्या त्याच्या तक्त्यावरून बोट फिरवत होती. “खरंच, मी ह्याला ओळखत न्हाई.” हे ती तीनदा म्हणाली, आणि दर वेळी तिचा चेहरा आणखी उजळत गेला.

आम्ही तिथूनच गुलाम रसूल यांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “यंत्रानं स्वतःहून दाखवला? कुणी सांगितलं न्हाई?”

“स्वतःहून,” उज्वला म्हणाली.

पलीकडे ते जिन्याकडे तोंड करून ओरडले, “वहिदा, वाचून राहिलंय गं ते! नीट वाचून राहिलंय!”